नावाचं पान

विमानाच्या पोटात शिरायचं तर आधी स्वतःचं पोट आवरावं लागतं. सेहेचाळिशीत माझं ते आवरत नाही. त्यामुळे धारच्या हवाईपट्टीवरच्या हँगरमध्ये मी जेव्हा पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून, सीटांखालून केबल ओढत असे, तेव्हा बाहेरून जगदेवराव हमखास विचारत, "बाई, आहात का गेलात?"

"आहे," मी टॉर्च तोंडातून काढून म्हणायची.

"मग बरं. मला वाटलं चिऊनं गिळलं."

चिऊ म्हणजे आमचं विमान. चार माणसांचं, एका इंजिनाचं, वय माझ्याइतकंच. हे नाव जगदेवरावांनीच ठेवलेलं. ते धारच्या जुन्या दरबारी घराण्यातले, नोकरीनं वैमानिक, स्वभावानं रिकामटेकडे. आमचं उड्डाण प्रशिक्षण केंद्र म्हणजे ते, मी, एक चौकीदार आणि दिवसेंदिवस कमी होत चाललेले विद्यार्थी. मालक इंदूरला बसून फोनवर हुकूम सोडत.

त्या वर्षी हुकूम आला तो नव्या यंत्राचा. नियमच तसा झाला होता. इंदूरच्या गजबजलेल्या आकाशात शिरायचं, तर विमानानं स्वतःहून आपला ठावठिकाणा सांगत राहायला हवा. त्यासाठी जुना ट्रान्सपाँडर काढून नवा बसवायचा. जुनं यंत्र विचारलं तरच बोले. नवं कोणी विचारो न विचारो, क्षणाक्षणाला सांगत सुटतं, मी अमुक, मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, इकडे निघाले आहे. त्याच्या जोडीला आणखी एक पेटी असते, ती इतर विमानांचं हेच बोलणं ऐकते आणि वैमानिकासमोरच्या पडद्यावर एकेक बाण काढते. बाणाखाली आकडा, तो आपल्यापेक्षा किती वर आहे का किती खाली आहे, ते सांगणारा. बस, एवढंच. यात गूढ काही नाही, आणि मला गूढाचं वावडंच आहे. वायर जोडली की दिवा लागतो, नाही लागला तर वायर तपासायची, या मताची मी बाई आहे.

पण ते यंत्र मला आवडायला लागलं होतं, हे खरं. धारमध्ये मी किल्ल्याच्या खालच्या अंगाला एका खोलीत राहत होते. सकाळी हँगर, संध्याकाळी खोली, मध्ये घोडा चौपाटीवर चहा. आठवडेच्या आठवडे माझ्याशी कामापलीकडे कोणी बोलत नसे आणि मीही कोणाशी बोलत नसे. मी कुठे आहे हे विचारणारं जगात एकच माणूस होतं, देवासची माझी आई. दिवेलागणीला तिचा फोन येई. "पोचलीस का गं खोलीवर?" एवढं ऐकलं की मी पोचले असं मला वाटायचं.

वडील गेल्यापासून आई टेकरीच्या पायथ्याच्या आमच्या घरात एकटी होती. धारला येऊन राहा म्हटलं तर कानावर हात ठेवायची. तिचा उजवा खांदा आखडला होता, स्वतःची वेणी तिला घालता येत नव्हती. समोरच्या दुर्गाकाकीनं वेळ काढून घातली तर घातली, नाहीतर केस तसेच. हे मला फार लागायचं. म्हणून मी ठरवलं होतं, आणि मालकांना सांगूनही टाकलं होतं, की चिऊचं हे काम झालं की नोकरी सोडायची आणि कायमचं देवासला जायचं. इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकीन, मिक्सर दुरुस्त करीन, पण आईची वेणी घालीन. या एका गोष्टीवर माझा सगळा जीव होता.

दसरा झाल्यावर पहिलं चाचणी उड्डाण ठरलं. धारहून निघायचं, बेटमा, सांवेर करत इंदूरच्या उत्तरेनं देवासपर्यंत जायचं आणि परत. मी जगदेवरावांच्या शेजारी बसले. सोयाबीन निघालं होतं, शेतं उघडी पडली होती, खळ्यांवर धूळ उडत होती.

चाकं जमिनीवरून उचलली आणि पडद्यावर बाण आला. चिऊचं चिन्ह पडद्याच्या मध्यभागी असतं. बाण बरोबर त्याच्यावर बसला होता आणि त्याच्याखाली आकडा शून्य.

"बाई, आपल्या बोकांडी कोण बसलंय हे?"

"सावली आहे," मी म्हटलं. "आपणच आहोत ते."

आमच्या धंद्यात ही नेहमीची चूक. प्रत्येक विमानाला एक पत्ता दिलेला असतो, जगात दुसऱ्या कुठल्या विमानाला तो नसतो. बोलणाऱ्या पेटीत तो भरायचा आणि ऐकणाऱ्या पेटीतही भरायचा, म्हणजे तिला कळतं की ही आपलीच हाक आहे, ही दाखवायची नाही. तिथे एखादं अक्षर चुकलं तर विमान स्वतःचीच हाक ऐकून दुसरं कोणी जवळ आलं असं समजतं. घाईत माझ्या हातून तेच झालं असणार. मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या. परतल्यावर दुरुस्त करू म्हटलं.

देवास आलं. टेकरी, तिच्यावरची देवळं, पलीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या. आमची गल्ली मला वरून लगेच सापडली, गच्चीवरच्या निळ्या टाकीमुळे. जगदेवरावांनी माझ्यासाठी म्हणून विमान जरा खाली घेतलं. फोनला रेंज आली आणि मला काय लहर आली कोण जाणे, मी आईला फोन लावला.

"आई, वर बघ. तुझ्या डोक्यावर आहे मी," इंजिनाच्या आवाजात मी ओरडून सांगत होते. "पान वाढ माझं, आलेच मी."

ती काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. फोन कटला. जगदेवराव हसले, चिऊ वळली आणि आम्ही धारकडे तोंड केलं.

बाण वळला नाही. तो टेकरीवरच राहिला. आम्ही दूर जात होतो आणि तो तिथे एक संथ गिरकी घेत होता. मग एकदम सरळ झाला, आमच्यामागे वेगानं आला आणि पुन्हा आमच्यावर बसला.

"पवनचक्क्यांवरून लहरी परत येतात," मी म्हटलं. "असं होतं कधी कधी."

"होत असेल," जगदेवराव म्हणाले. "पण लहर मागे राहून गावाला चक्कर मारते, हे मी पहिल्यांदाच पाहून राहिलो बाई."

धारला उतरल्यावर मी आधी पत्ता तपासला. दोन्ही पेट्यांमध्ये तो अक्षरन् अक्षर बरोबर होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. आज तिनं पोचलीस का असं विचारलं नाही. म्हणाली, "कुठपर्यंत आलीस गं? पान वाढून ठेवलंय. वांग्याचं भरीत केलंय."

"अगं आई, गंमत केली मी. विमानातून कशी उतरणार?"

 पलीकडे ताटावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"नाव घेऊन वाढलंय गं मी," ती म्हणाली.

हे कळायला आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, घोड्यांना नाल ठोकणारे. फौज मोहिमेवर गेली की माणूस कधी परतेल याचा नेम नसे. मग त्याचा निरोप आला, की मी निघालोय, तर घरची बाई त्याचं नाव घेऊन पान वाढायची. नाव घेऊन वाढलेलं पान दुसऱ्यानं खायचं नाही, तो येईपर्यंत ते रोज नव्यानं वाढायचं. आणि जो त्या पानावर जेवला, तो आला असं धरायचं. घरातल्या आधीच्या बायका असंच करत आल्या म्हणून आईही करायची. वडील दौऱ्यावरून परतायचे तेव्हा करायची, मी सुट्टीत यायची तेव्हाही. मी अर्थातच याला हसत असे.

"मग गाईला घाल ते," मी म्हटलं.

"असं नाही घालता येत. उद्या परत वाढीन. तू ये लवकर."

"काम संपलं की येतेच आहे कायमची. चार दिवस थांब."

"थांबते की," आई म्हणाली. "मी दुसरं काय करते?"

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, थकवा होता. त्या संध्याकाळी खोलीत बसून मला रडू आलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पुढचे दिवस मी चिऊच्या मागे लागले. केबली बदलल्या, अँटेना काढून परत बसवला, दोन्ही पेट्या पुसून सगळं नव्यानं भरलं. हँगरमध्ये यंत्र चालू केलं की पडदा कोरा. सगळ्या तपासण्या पास. आईचा फोन रोज येत होता. रोज ती सांगायची, आज मेथी केली, आज कढी केली, आणि पान तसंच आहे. मी विषय बदलायची.

दुसऱ्या उड्डाणाला आकाश लख्ख होतं. चाकं उचलली आणि बाण आला. शून्य.

"घ्या," जगदेवराव म्हणाले. "आली तुमची बहीण."

 सांवेरपर्यंत बाण जागचा हलला नाही. मग त्याच्याखालचा आकडा बदलला. तो आमच्या खाली गेला होता. थोडा पुढेही सरकला होता, आणि आता आमच्यापुढे चालत होता. आम्ही सरळ जात होतो, तोही सरळ जात होता, पण घाईत असल्यासारखा.

"समोर काही दिसतं का?" मी विचारलं.

जगदेवरावांनी मान पुढे काढून पाहिलं. डोळे त्यांचे अजून घारीचे आहेत. "साफ आहे," ते म्हणाले. मग त्यांनी रेडिओवर इंदूरला विचारलं, आमच्या आसपास कोणी आहे का. उत्तर आलं, कोणी नाही, तुम्ही एकटेच आहात.

देवास दिसायला लागलं. बाण उतरत होता. पद्धतशीर, उतरायला निघालेलं विमान उतरतं तसा. पण तिथे पट्टी नाही, खाली नुसती घरं आहेत. आकड्यावरून तो टेकरीच्या माथ्याच्याही खाली गेला होता. बाण टेकरीच्या मागे वळला. गल्ल्यांच्या उंचीवर आला.

मग त्याचा रंग बदलला. जमिनीवर उभं असलेलं विमान हा पडदा तपकिरी रंगात दाखवतो. बाण तपकिरी झाला आणि थांबला.

"बाई," जगदेवराव हळूच म्हणाले, "त्या जागी काय आहे?"

मी बाहेर पाहिलं. निळी टाकी उन्हात चमकत होती.

"आमचं घर आहे," मी म्हटलं.

त्यांनी चिऊ वळवली. देवास मागे पडलं तसा तो तपकिरी ठिपका पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. धारपर्यंत पडदा स्वच्छ होता. मध्यभागी आमचं चिन्ह, बाकी काही नाही. जे दुरुस्त व्हायला हवं होतं ते दुरुस्त झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या रिकाम्या पडद्याकडे बघताना मला इतकं एकटं वाटलं, जितकं त्या खोलीत इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला नाही.

मी लावला. वाजत राहिला. मग उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज होता, आणि आईचा आवाज कसा तर लग्नघरातल्या बाईचा. मी तो विसरले होते.

"जेवतोय गं आम्ही," ती म्हणाली. "नंतर बोलू."

"आम्ही म्हणजे कोण?"

"असं काय विचारतेस?" असं म्हणून ती हसली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी करायची तेव्हा दोन शब्द बोलून ठेवून द्यायची, घाईत, कोणीतरी वाट बघत असल्यासारखी. ती आजारी नव्हती, चिडलेली नव्हती. खूष होती. मला एकीकडे हायसं वाटत होतं आणि दुसरीकडे मी दर तासाला फोन बघत होते.

शेवटी मी दुर्गाकाकीला फोन लावला. ती देवासच्याच एका मराठी घरातली, पण चार वाक्यांत तीन हिंदीत पडतात.

"काकी, आईकडे कोणी आलंय का?"

"क्या मतलब? तूच तर आली आहेस."

"मी धारला आहे काकी."

"मजाक मत कर गं. सुबे सुबे छतावर कपडे वाळत टाकून राहिली होती, मी आवाज दिला. दिवाळीपर्यंत राहशील ना, असं विचारलं तर हसली फक्त." मग म्हणाली, "थोडी दुबळी झाली आहेस, असं तुझ्या आईला बोलली पण मी. बोलत काही नाहीस आजकाल."

"काकी, तिचा चेहरा नीट पाहिलास का?"

"तुझा चेहरा काय पहिल्यांदा बघतेय का मी?"

फोन ठेवल्यावर मी डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला. आईची नजर अधू आहे, दुर्गाकाकीचीही काही फार बरी नाही. कोणीतरी बाई माझं नाव सांगून घरात घुसली आहे, म्हातारीला नादी लावते आहे. वर्तमानपत्रात अशा बातम्या येतातच. हे पटण्यासारखं होतं आणि मी ते स्वतःला पटवलं. रात्रीतच सामान भरलं. चिऊचं काम तसंही पूर्ण झालं होतं.

सकाळी निरोप घ्यायला हँगरवर गेले. जगदेवराव चिऊचा पंखा फडक्यानं पुसत होते. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही, आई आठवण काढते म्हटलं.

"जा जा," ते म्हणाले. मग फडकं खांद्यावर टाकून माझ्याजवळ आले. "बाई, बोलू का नको असं झालंय मला. त्या दिवशी देवासहून परतताना चिऊ हलकी लागत होती हाताला. इतकी वर्षं उडवतोय, मला कळतं. एक माणूस उतरून गेल्यावर लागते तशी."

"पेट्रोल कमी झालं होतं," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "तेच असेल."

बस इंदूरच्या गंगवाल स्टँडवर आली, तिथून रिक्षानं सरवटे स्टँड, तिथून देवासची बस. सगळीकडे दिवाळीची गर्दी होती. मला बसायला जागा मिळाली नाही, बॅगेवर बसले. देवासला उतरले तेव्हा दुपार कलत होती. ऊन असं की भिंतींकडे बघवत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी डेअरीवाला बसला होता. मला पाहून म्हणाला, "दीदी, दही कम पड़ गया क्या? अभी तो ले गई थीं."

 पाय भरभर उचलत होते आणि तरीही घर जवळ येत नव्हतं.

दुर्गाकाकी ओट्यावर बसून गहू निवडत होती. तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. मग आमच्या दाराकडे पाहिलं. ती उठली, सूप उचललं, चपलासुद्धा आत घेतल्या आणि दार लावून घेतलं.

आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून फोडणीचा वास येत होता. हिंग आणि कढीलिंब.

मी दारावर हात ठेवला.

"ढकलू नकोस," आई म्हणाली.

ती दाराशेजारच्या खिडकीत उभी होती, गजांच्या मागे. नीट नेसलेली. आणि तिची वेणी घातलेली होती. घट्ट, तीन पेडांची, टोकाला रिबीन. मला पहिल्यांदा वाटला तो आनंद, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ मत्सर.

"आई, मी आहे. अल्पना."

"माहीत आहे मला. मी काय खुळी झालेय?"

"मग आत कोण आहे?"

"हळू बोल," ती म्हणाली. "दुपारची जरा पडते ती."

"कोण आहे ती?"

"मी विचारलं नाही." आईनं गज धरले. "विचारलं की निघून जातात."

मी बॅग तिला दाखवली. मोठी, सगळ्या सामानाची. म्हटलं, "आई, मी कायमची आले आहे. नोकरी सोडून आले आहे. तुझ्यासाठी."

तिनं बॅगेकडे पाहिलं. तिचे डोळे भरले, हे मी पाहिलं. ती माझीच आई होती, आणि मला नीट ओळखत होती, आणि तिला माझी दया येत होती.

"तुझा निरोप आला, म्हणून मी पान वाढलं," ती म्हणाली. "रोज वाढलं. त्या पानावर ती जेवली, बाई. आता मी तुझं नाव घेऊन परत कशी वाढू?"

"आई, मी तुझी मुलगी आहे."

"हो."

"मग?"

"ती राहते," आई म्हणाली. "तिला कुठे जायचं नसतं."

 गल्लीत कोणी नव्हतं. वर गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलत होते, त्यात माझा पिवळा कुर्ता होता. तो कुर्ता माझ्या बॅगेत होता.

माझा हात अजून दारावरच होता. आता ढकलायचंच, असं मी ठरवलं.

आमच्या दाराची खालची बिजागरी वडील असतानाच खचली. ते नुसतं ओढून लागत नाही. पायाची बोटं फळीखाली घालून दार जरा उचलायचं, डाव्या खांद्यानं रेटायचं, मग कडी बसते. आईला ते कधीच जमलं नाही, मी नसले की ती दारामागे पाटा लावून झोपायची.

माझ्या तळहाताखाली दार जरासं वर उचललं गेलं. पलीकडून खांद्याचा भार आला, डावीकडून. कडी बसली.

आई तेव्हाही खिडकीतच उभी होती, दोन्ही हातांनी गज धरून, माझ्याकडे बघत.